रुग्ण एका हातातून दुसऱ्या हाती देताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी मला सुचविले, तेव्हा मी शिक्षणाविषयी बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. सारा जन्म हाती खडू धरलेल्या मनुष्याकडून दुसरी कोणती अपेक्षा करावयाची? परंतु आपल्या रुग्णसाहाय्य निधीकडे येणारे अर्ज तपासण्याचे काम कार्यकारिणीने काही काळापासून माझ्याकडे सोपविले आहे, आणि ते अर्ज वाचता वाचता माझ्या मनाने निराळाच विषय घेतला. आमच्या लहानपणी शस्त्रक्रिया म्हटली की हर्निया, अपेंडिक्स, फार तर मूतखडा. आज हृदयाची, मेंदूची, यकृताची शस्त्रक्रिया झालेला मनुष्य आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात निघतो. अशा प्रसंगी आपण दोन गोष्टींची कसून चौकशी करतो: शल्यविशारद कोण आहे, आणि खर्च किती येणार. या दोहोंखेरीज आणखी एक गोष्ट आहे, जिची चौकशी कोणीच करीत नाही. शस्त्रक्रिया आटोपल्यावर रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात नेतात, तेथे त्याला कोण कोणाच्या स्वाधीन करतो आणि कसा करतो, ही ती गोष्ट होय. आज त्या दहा-पंधरा मिनिटांविषयीच मी बोलणार आहे.

मी मॅट्रिक होऊन मास्तर झालेला मनुष्य. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा मला यत्किंचितही हक्क नाही. माझी एक भाची अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. तिला प्रश्न विचारून विचारून मी पुष्कळ हैराण केले आणि तिने जे समजावून दिले, त्यास वाचनाची जोड देऊन मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम अतिदक्षता विभाग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रुग्ण गुदमरून मरू लागले. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने असे सुचविले की, गळ्यात छिद्र करून श्वासनलिकेत नळी घालावी आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून वारा भरावा. युक्ती लागू पडली. परंतु पिशवी दाबणार कोण? सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि अहोरात्र पिशव्या दाबीत राहिले. पाळी बदलताना पिशवी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई, पण दाबणे थांबवून चालत नसे. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी त्याच शहरात अत्यवस्थ रुग्णांकरिता स्वतंत्र विभाग उघडला. जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचा उल्लेख होतो. ही हकीकत वाचताना माझ्या मनात आले की, या विभागाचा जन्मच मुळी हातातून हातात देण्याच्या कामातून झाला आहे.

आता हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या बालकाची कल्पना करा. त्याच्या श्वासनलिकेत नळी असते व तिच्यातून यंत्र त्याला श्वास देत असते. मानेजवळच्या मोठ्या शिरेत एक नळी, मनगटाच्या धमनीत दुसरी. तिच्यावरून रक्तदाब क्षणोक्षणी कळतो. छातीतून साचणारे रक्त बाहेर काढण्याकरिता एक-दोन जाड नळ्या, लघवीची एक नळी, कधी हृदयाला ठोके देणाऱ्या बारीक तारा. शिवाय तीन-चार लहान पंप, ज्यांच्यातून हृदयाला बळ देणारी औषधे थेंबाच्याही अंशाने शरीरात जात असतात. हा सगळा संसार शस्त्रक्रियागृहातील यंत्रांवरून सोडवून गाडीवरील फिरत्या यंत्रांना जोडावयाचा, बोळांतून आणि उद्वाहनातून न्यावयाचा, आणि अतिदक्षता विभागात पोहोचल्यावर तेथल्या यंत्रांना पुन्हा जोडावयाचा. औषधाचा एखादा पंप थोडा वेळ जरी बंद राहिला, तरी रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. छातीच्या नळीला प्रवासात लावलेला चिमटा काढावयाचा राहिला, तर रक्त आतच साचून हृदयाला चेपू लागते. श्वासाचे यंत्र जोडले पण चालू केले नाही, तर काय होईल ते सांगावयास नको.

आणि हे सर्व चालू असतानाच बोलणेही व्हावयाचे असते. शस्त्रक्रियेत काय केले, काय ठरले होते आणि ऐनवेळी काय बदलले, रक्त किती गेले व किती दिले, नळी घालताना अडचण आली काय, कोणते औषध केव्हा दिले आणि पुढचे केव्हा द्यावयाचे, कोणत्या औषधाचे वावडे आहे, रात्री कशाची भीती आहे, आणि तसे घडल्यास कोणाला बोलवावयाचे. शस्त्रक्रियेचे चार-सहा तास ज्या मंडळींनी डोळ्यांत तेल घालून काढले, त्यांना हे सर्व ठाऊक असते. ज्यांच्या हाती रुग्ण येतो, त्यांना त्यांतले काहीच ठाऊक नसते. भाची म्हणते, "मामा, एकीकडे मी तारा जोडतेय, दुसरीकडे डॉक्टर बोलताहेत, तिसरीकडे यंत्र किंचाळतेय. अशात कानावर पडतं सगळं, पण डोक्यात किती उतरतं?" वर्गात मुले वह्या काढीत असताना जो मास्तर गणित सांगू लागतो, त्याला हा प्रश्न चांगला कळेल.

माझ्या घरचीच एक गोष्ट सांगतो. रुग्णालयाचे नाव घेत नाही, आणि त्याची जरुरीही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंची, अण्णांची, आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. अण्णांना दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. ते यंत्र वापरतात. शस्त्रक्रियेस नेण्यापूर्वी परिचारिकेने रीतीप्रमाणे यंत्रे काढून पुतण्याच्या हाती दिली आणि तशी नोंदही केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. रात्री अतिदक्षता विभागात अण्णांची भूल उतरली, तोंडात नळी होतीच. तेथली डॉक्टर मुलगी त्यांना म्हणे, "आजोबा, उजवा हात उचला, माझा हात दाबा." अण्णा डोळे उघडीत, तिच्याकडे टकामका पाहत, आणि काहीच करीत नसत. पुनःपुन्हा सांगून पाहिले, फळ नाही. मेंदूला रक्तपुरवठा कमी पडला की काय, अशी रास्त शंका तिला आली. रात्री दोन वाजता त्यांना सर्व नळ्यांसह खाली नेऊन मेंदूचा स्कॅन काढला. बाहेर बाकावर बसलेल्या आम्हां मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले. सकाळी वहिनींना आत सोडले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अहो, त्यांचं कानातलं यंत्र कुठं आहे?" यंत्र पुतण्याच्या खिशात होते. कानात घालताच अण्णांनी सांगितल्याबरोबर हात उचलला.

यात कोणी हयगय केली? वॉर्डातील परिचारिकेने नोंद केली होती. भूलतज्ज्ञाने भूल उत्तम दिली. रात्रीच्या डॉक्टर मुलीने शंका येताच स्कॅन काढला, यात तिची दक्षताच दिसते. प्रत्येकाने आपापले काम नीट केले. पण कागदावर लिहिलेली एक ओळ कागदावरच राहिली. शस्त्रक्रियेच्या प्रचंड खटाटोपात "यांना ऐकू येत नाही" हे वाक्य कोणी कोणाला बोलून सांगितले नाही. आमचे निभावले. वावड्याच्या औषधाच्या बाबतीत हेच घडले असते तर?

आपल्यापैकी जे नोकरीत होते, त्यांना चार्ज देण्या-घेण्याचा अनुभव आहे. मुख्याध्यापकाची बदली झाली म्हणजे जडसंग्रह नोंदवही, जनरल रजिस्टर, किल्ल्या, शिल्लक रक्कम, सगळ्याची यादी होते, दोघांच्या सह्या होतात. परंतु तिसरीतल्या एका मुलाला फेफरे येते, किंवा पावसाळ्यात उत्तरेकडच्या खोलीत वर्ग भरवू नये, हे त्या यादीत नसते. ते शहाणा मुख्याध्यापक नव्या माणसाला बाजूस बसवून, चहा पाजून, तोंडी सांगतो. यादी नसेल तर तोंडी सांगण्यात गोष्टी राहून जातात. आणि तोंडी सांगितले नाही तर यादी कोणी वाचीत नाही. दोन्ही हवीत.

पूर्वी एकेरी लोहमार्गावर धावणाऱ्या गाड्यांची रीत आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. स्टेशनमास्तरच्या माणसाकडून वेताच्या कड्यात अडकविलेला टोकनचा गोळा इंजिनचालकाच्या हाती पडल्याशिवाय गाडीने पुढल्या टप्प्यात पाऊल टाकावयाचे नाही, असा दंडक असे. चालक कितीही जुना, कितीही हुशार असो, गोळा हाती नाही तर गाडी हलत नसे. फार कशाला, स्वयंपाकघरातच पाहा. उकळत्या दुधाचे पातेले सून सासूच्या हाती देते, तेव्हा "धरलंत?" असे विचारते आणि "धरलं" असे ऐकल्यावरच हात सोडते. पातेल्याच्या बाबतीत आपण जे कधी विसरत नाही, ते माणसाच्या बाबतीत मोठमोठ्या रुग्णालयांना शिकावे लागले. ते कसे शिकले, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट नावाचे मुलांचे रुग्णालय आहे. १८५२ साली स्थापन झालेले हे रुग्णालय मुलांच्या हृदयरोगांच्या उपचारांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथील मार्क द लेव्हाल या शल्यविशारदाने पूर्वीच एक खटाटोप केला होता. नवजात बालकांच्या हृदयातील उलट जोडलेल्या मोठ्या धमन्या पालटण्याची जी अत्यंत नाजूक शस्त्रक्रिया असते, तिच्या ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांतील २४३ प्रसंगांचा अभ्यास करून त्यांनी २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या चुका घातक असतात हे कोणीही सांगेल. परंतु ज्यांच्याकडे कोणी लक्षही देत नाही अशा क्षुल्लक चुका एकावर एक साचत गेल्या, तर त्यांचाही मृत्यूशी संबंध लागतो, असे त्यांना आढळले. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. मोठी चूक झाली की सगळे धावतात. लहान चूक मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना आपले काम करीत राहते.

याच रुग्णालयातील शल्यविशारद मार्टिन इलियट आणि मुलांच्या अतिदक्षता विभागाचे प्रमुख ॲलन गोल्डमन हे एकदा शस्त्रक्रियांनी थकून दूरचित्रवाणीवर मोटारींची शर्यत पाहत बसले होते. फॉर्म्युला वन नावाची ती शर्यत आपल्या नातवंडांना ठाऊक असते. शर्यतीच्या मध्येच मोटार थांबते, वीसएक माणसे तिच्यावर तुटून पडतात, चारही चाके बदलतात, त्या काळी इंधनही भरीत, आणि काही सेकंदांत गाडी पुन्हा सुसाट सुटते. ते पाहून दोघांच्याही मनात एकच विचार आला की, आपणही रोज हेच करतो, फक्त आपले असे होत नाही! एवढ्यावर विचार सोडून न देता त्यांनी फेरारी कंपनीच्या शर्यतीच्या मंडळींशी संधान बांधले, आणि इटलीतील मारानेल्लो येथे त्यांच्या मुक्कामी जाऊन रुग्ण सोपविण्याच्या प्रसंगाचे चित्रीकरण त्यांना दाखविले.

मोटारवाल्यांना ते चित्रीकरण पाहून आश्चर्य वाटले. त्यांच्याकडे प्रत्येकाला एकच काम असते. पुढच्या डाव्या चाकाचा माणूस पुढचे डावे चाकच पाहणार. मोटारीपुढे लांब काठीची चकती धरून एक मनुष्य उभा राहत असे. तो सांगेपर्यंत गाडी हलावयाची नाही. काम चालू असता कोणी बोलत नाही. आणि इकडे रुग्णालयात पाहावे तर सगळेच एकदम बोलताहेत, दोघे एकच नळी धरताहेत, एका तारेकडे कोणीच पाहत नाही, आणि या सगळ्यांचा म्होरक्या कोण, ते बाहेरच्याला ओळखूही येत नाही. थोर थोर शल्यविशारदांनी मोटार दुरुस्त करणाऱ्यांपुढे विद्यार्थी होऊन बसावे, यास मनाचा मोठेपणा लागतो. आपल्याकडे पदवीधराने कारागिराला विचारावयाचे म्हणजे किती जिवावर येते, हे आपण जाणतोच.

त्यांच्याकडून आणि विमानाच्या वैमानिकांकडून धडा घेऊन, केन कॅचपोल नावाच्या संशोधकाच्या साहाय्याने, रुग्णालयाने नवी पद्धत बसविली. रुग्ण निघण्यापूर्वीच त्याची माहिती अतिदक्षता विभागाकडे जाते, त्यामुळे यंत्रे तयार असतात. रुग्ण पोहोचला की पहिल्याने केवळ हातांचे काम. श्वासाचे यंत्र कोणी जोडावयाचे, मॉनिटर कोणी, पंप कोणी, नळ्या कोणी, हे आधीच ठरलेले. या वेळी अनावश्यक बोलणे नाही. सर्व काही जोडले गेले, बाळ स्थिर आहे अशी खातरजमा झाली, म्हणजे हात थांबतात, आणि मग भूलतज्ज्ञ एकटा बोलतो. मध्ये कोणी बोलावयाचे नाही. त्याच्यामागून शल्यविशारद. समोर छापील यादी असते, तिच्याशी ताडा पाहून काही राहिले काय ते बघतात. शेवटी दोन्ही बाजूंची मंडळी मिळून रात्री काय काय बिघडू शकेल आणि तसे झाल्यास काय करावयाचे, हे ठरवितात. तोपर्यंत सूत्रे भूलतज्ज्ञाकडे. नंतर ती अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरकडे उघडपणे जातात. म्हणजे रुग्ण कोणाचाच नाही, असा एक क्षणही मध्ये राहत नाही.

या पद्धतीचा पडताळा त्यांनी पाहिला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. पूर्वीचे २३ आणि नंतरचे २७, असे ५० प्रसंग निरीक्षकांनी पाहिले. यंत्रे व नळ्या जोडण्यातील चुका पूर्वी दर प्रसंगी सरासरी ५.४२ होत्या, त्या ३.१५ झाल्या. सांगावयाच्या राहून गेलेल्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर आल्या. वेळ वाढेल अशी भीती पुष्कळांना होती. तो उलट १०.८ मिनिटांवरून ९.४ मिनिटांवर आला.

मी गणिताचा मास्तर असल्यामुळे या आकड्यांत किती आहे आणि किती नाही, हेही सांगितले पाहिजे. पन्नास प्रसंग ही संख्या लहान आहे, आणि तीही एकाच रुग्णालयातली. यात चुका मोजल्या, वाचलेले प्राण मोजलेले नाहीत. नवी पद्धत आल्यावरही चुका शून्य झाल्या नाहीत, जवळजवळ तीन राहिल्याच. तथापि जगातील एका नामांकित रुग्णालयाने आपल्या दर प्रसंगातील पाच-साडेपाच चुका मोजून जगापुढे मांडल्या, याचेच मला विशेष वाटते. आपल्याकडे कोणती संस्था आपल्या चुका मोजून छापते? आपले मंडळ तरी छापते काय? (हशा.)

याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनेही या प्रश्नात लक्ष घातले. २००८ साली तिने सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ बाबींची एक यादी प्रसृत केली. त्या कामाचे नेतृत्व अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे आपल्या विदर्भातले, यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे बसलेल्या मुलांच्या ते उपयोगी पडेल. दिल्ली धरून जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ होते ते ०.८ वर आले, आणि गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर. त्या यादीतील शेवटचा भाग आपल्या विषयाचा आहे. रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका या तिघांनी थांबून, याच्या पुढील शुश्रूषेत कशाची काळजी घ्यावयाची, हे मोठ्याने बोलून घ्यावे, असे त्यात आहे. यादीत आणखी एक मौजेची बाब आहे. शस्त्रक्रियेस आरंभ करण्यापूर्वी हजर असलेल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावयाचे. प्रथमदर्शनी हे पोरकट वाटते. परंतु ज्याने एकदा तोंड उघडून आपले नाव सांगितले, तो पुढे काही चुकत असल्याचे दिसल्यास तोंड उघडण्यास कचरत नाही. पहिल्या दिवशी हजेरीत "उपस्थित" एवढेच मोठ्याने म्हणावयास लावलेला बुजरा मुलगा आठवड्याने प्रश्न विचारू लागतो, हे मी कित्येकदा पाहिले आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या मुली परिचारिका झाल्या आहेत आणि ज्या मुलांनी वैद्यकीची पदवी घेतली आहे, त्यांस माझे आग्रहाचे सांगणे आहे की, वरिष्ठ कितीही घाईत असोत, "सर, एवढे पुन्हा एकदा सांगा, मी लिहून घेते" असे म्हणण्यास संकोच करू नका.

आता आपण, म्हणजे बाहेर बाकावर बसणारे. हे सर्व काम डॉक्टर-परिचारिकांचे, त्यात आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपण समजतो त्याहून अधिक आहे.

शस्त्रक्रियागृहाचे दार उघडते आणि गाडी बाहेर येते, तेव्हा काय होते ते आठवून पाहा. पंधरा-वीस मंडळी गाडीभोवती गोळा होतात. कोणी हात लावून पाहतो, कोणी "काका, ऐकू येतंय का?" म्हणून हाका मारतो, आत्याबाई रडू लागतात, आणि एखादे वजनदार गृहस्थ भूलतज्ज्ञाची वाट अडवून "डॉक्टर, सगळं ठीक ना?" असे विचारतात. माया खरी आहे, त्याविषयी शंका नाही. परंतु त्याच वेळी त्या भूलतज्ज्ञाच्या एका हातात श्वासाची पिशवी असते, डोळे मॉनिटरवर असतात, आणि गाडीवरच्या प्राणवायूच्या नळकांड्यात मोजकाच प्राणवायू असतो. त्या वेळी भिंतीशी सरून उभे राहावे आणि गाडी जाऊ द्यावी. पुढील अर्धा तास दार वाजवू नये. घरातल्या एकाच शांत माणसाने डॉक्टरांशी बोलावयाचे, असे आदल्या दिवशीच ठरवून टाकावे. आणि तो थोरलाच असला पाहिजे असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपण डॉक्टरांपासून लपवितो. घरातील पुरुष रोज मद्यप्राशन करतो, हे आपण शस्त्रक्रियेपूर्वी सांगत नाही. शेजारच्या खाटेवर ज्ञातीतलेच कोणी असेल, मुलीचे लग्न ठरावयाचे असेल, अशी भीती असते. परंतु रोजच्या पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला कंप सुटतो, भ्रम होतो, तो नळ्या उपटू लागतो. डॉक्टरांना कारण ठाऊक नसेल तर ते जंतुदोष, मेंदूचा विकार, औषधाचा परिणाम अशा दहा वाटांनी शोध घेत राहतात. आधी ठाऊक असेल तर उपाय हाताशी असतो. हेच तंबाखूचे, हेच कोणा वैद्याकडून गुपचूप आणलेल्या पुड्यांचे. भाचीच्या सांगण्यावरून मला असे दिसते की, अतिदक्षता विभागात पोहोचावयाची जी माहिती वाटेत गळते, तिच्यातील पुष्कळशी मुळात घरातूनच निघालेली नसते. जे कोणी सांगितलेच नाही, ते इटलीच्या मोटारवाल्यांची पद्धत लावली तरी पुढे कसे जाणार?

म्हणून माझी कार्यकारिणीस एक सूचना आहे. आपण दरवर्षी दिनदर्शिका छापतो आणि घरोघर वाटतो. तिच्या जोडीला पोस्टकार्डाएवढे एक जाड पुठ्ठ्याचे पत्रक छापावे. त्यावर रुग्णाचे नाव व वय, चालू असलेली सर्व औषधे मात्रेसह, आयुर्वेदिक व होमिओपॅथीचीसुद्धा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती ठळक. कोणत्या औषधाचे अथवा पदार्थाचे वावडे आहे. पूर्वीच्या शस्त्रक्रिया, आणि त्या वेळी भुलीचा काही त्रास झाला होता काय. दारू, तंबाखू. चश्मा, कवळी, कानाचे यंत्र. कोणती भाषा समजते, हे तर अवश्य लिहावे. आपली पुष्कळ मंडळी मुलांकडे बंगळूरला, हैदराबादला असतात. तेथे खाटेशी उभी असलेली परिचारिका केरळची असते आणि आपल्या आजींना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. "दुखतंय" एवढा एक शब्द त्या मुलीच्या कागदावर लिहिलेला असला, तरी पुष्कळ झाले. रक्तगट लिहावयास हरकत नाही. पण रुग्णालय तो स्वतः तपासतेच आणि तपासलाच पाहिजे, त्याबद्दल कोणी वाद घालू नये.

हे पत्रक शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासावयास येतात, तेव्हा त्यांच्या हाती द्यावे आणि त्यातल्या महत्त्वाच्या दोन गोष्टी तोंडाने सांगाव्यात. एक प्रत घरच्या माणसाजवळ राहू द्यावी. रुग्ण अतिदक्षता विभागात जाऊन स्थिर झाला आणि डॉक्टर बोलावयास बाहेर आले, म्हणजे ती प्रत पुढे करून नम्रपणे विचारावे, "हे आपल्यापर्यंत पोहोचले आहे ना?" मी ज्या डॉक्टरांशी या संबंधी बोललो, त्यांपैकी कोणालाही या प्रश्नाचा राग येईल असे मला वाटले नाही. एकाने तर "असे पत्रक आणणारे नातेवाईक मला रोज मिळोत" असे म्हटले.

पत्रकाचा नमुना मी भाचीकडून तपासून घेतला आहे आणि तो चिटणीसांच्या हाती दिला आहे. छपाईच्या खर्चाचा आकडा खजिनदारांनी काढला असून तो दिनदर्शिकेच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ आहे. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि मंजूर झाल्यास पहिल्या शंभर प्रतींचा खर्च माझ्याकडे लावावा, अशी विनंती करतो. ज्यांना त्याआधी पत्रक हवे असेल, त्यांनी संमेलन संपल्यावर मंडपाच्या दाराशी मला भेटावे. हाताने लिहिलेल्या दहा-बारा प्रती मी पिशवीतून आणल्या आहेत.